पोचल्याची हाळी

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली. नळीत टाकलेलं पाणी लाल झालं तर लाल लिहायचं, निळं झालं तर निळं. मधलं काही दिसलं तर नळी धुऊन चाचणी परत करायची. असा माणूस भुताखेतांवर काय विश्वास ठेवणार? गावात कुणी चकव्याची गोष्ट सुरू केली की मी विचारायचो, "काका, त्या दिवशी किती घेतली होती?" त्यामुळे अशा गोष्टी मला कुणी सांगतच नसे. आता मीच एक सांगायला बसलोय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

ही हकिगत नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. माझं गाव पेणच्या खारेपाटात, अगदी खाडीला लागून. पुढे खारभूमीचा बांध, बांधापलीकडे चिखल, चिखलात खाडी आणि पलीकडच्या काठावर दुसरं गाव. आता मधे साकव, म्हणजे लहानसा पूल आहे. माझ्या लहानपणी नव्हता. शाळा पलीकडे होती. ओहोटी लागली की पोरं चिखल तुडवत जायची. हा चिखल वरून सगळीकडे सारखाच दिसतो, पण कुठे घोट्याएवढा तर कुठे माणूस गिळेल एवढा. म्हणून गावचा एक रिवाज होता. चिखलात एका वेळी एकानेच उतरायचं, आणि तो पलीकडे जाईपर्यंत दुसऱ्याने बांधावर उभं राहून बघायचं.

बघणाऱ्याची एक लांब हाळी म्हणजे जाताना 'जा' आणि परतताना 'ये', वाट चांगली आहे. दोन तुटक हाळ्या म्हणजे 'थांब, पाय उचलू नको'. आणि पलीकडे पोचलेल्याने उलट एक लांब हाळी द्यायची. पोचल्याची हाळी. ती ऐकू येईपर्यंत बघणाऱ्याने जागा सोडायची नाही, मग घरात भात करपो की पोर रडो. आमच्याकडची हाळी शेवटाला खाली पडत नाही, जराशी वर उचलते. दुसरीकडे मी अशी कुठे ऐकली नाही.

माझी बघणारी म्हणजे आई. वडील मिठागरावर कामाला होते, ते कावीळ होऊन लवकर गेले. मग घरात आम्ही दोघंच. रोज सकाळी कमरेला पदर खोचून ती बांधावर उभी राहायची. पलीकडे पोचल्यावर मी मुद्दाम हाळी द्यायला उशीर करायचो. मग इकडून शिव्या सुरू व्हायच्या. त्या सगळ्या मला पलीकडे स्पष्ट ऐकू यायच्या!

नोकरी लागल्यावर मी रोह्यात खोली घेतली आणि आई गावात एकटी राहिली. रोह्याला ये म्हटलं की म्हणायची, "मना तिथं कोन वलखतं?" मी आठवड्याच्या सुट्टीला जायचो. लग्नाचं जमलं नाही, ती वेगळी कथा आहे. शिफ्ट, खोली, डबा... असं माझं आयुष्य चाललं होतं. त्यात ट्रेकिंगचा नाद लागला म्हणून तरलो म्हणा.

नाद लावला सुहासदादाने. हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना. मे महिना म्हणजे या लोकांना मान वर करायला फुरसत नाही, आणि हा पठ्ठ्या ऐन मे महिन्यात कामगारांवर कारखाना टाकून हिमालयात जायचा. त्याची बायको म्हणायची, गणपती याचे आणि विघ्नं माझी. पण बर्फाच्या बाबतीत दादा फार कडक. त्याने रीतसर कोर्स केला होता आणि एक ओळखीचा मुलगा हिमप्रपातात गेलेला पाहिला होता. त्याबद्दल तो बोलत नसे, पण नियम मात्र आमच्याकडून पाठ करून घ्यायचा.

वसंतातला बर्फ हा सगळ्यात लबाड, असं तो म्हणायचा. रात्री आभाळ मोकळं असलं की वरचा थर गोठून दगडासारखा होतो. तेव्हा उजाडता उजाडता त्यावरून चालून घ्यायचं. एकदा ऊन चढलं की वितळलेलं पाणी आत झिरपतं, वरचा बर्फ जड होतो आणि खालचा त्याला धरून ठेवत नाही. मग अख्खा उतार सुटतो. रात्री ढग असले तर बर्फ नीट गोठतच नाही, अशा सकाळी विश्वास ठेवायचा नाही. नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली बर्फाने भरलेली उभी घळ, ओलांडताना एका वेळी एकच माणूस. सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे वेळ आली तर सॅक फेकता येते. आणि बाकीच्यांनी भक्कम खडकावर उभं राहून त्याच्यावरची नजर काढायची नाही. कारण बर्फाने ओढलाच, तर तो शेवटचा कुठे दिसला तिथून शोधायला सुरुवात करावी लागते. बघायला कुणी नसेल तर नाळेत पाय टाकायचा नाही. खुणेसाठी त्याच्याकडे शिट्टी असायची. कुणीतरी विचारलं, शिट्टीने हिमप्रपात होत नाही का? दादा म्हणाला, "हाकेनं बर्फ पडत नाही रे, पायानं पडतो."

त्या वर्षी निघण्याआधी हे सगळं मी आईला सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"म्हंजे आपल्या चिखलासारखाच की," ती म्हणाली. "एकानं जायचं, एकानं बगायचं."

"अगदी तसंच."

"आनि तुला कोन बगनार?"

"सगळे असतात गं. सहा जण आहेत."

"सहा जनांचं काय घेऊन बसलास? एक सांग. समदं बगतात तवा कोनच बगत नाय."

मी हसलो. तिने एक शेंग मला फेकून मारली आणि म्हणाली, "हस. तिकडं थंडीत दात वाजतील तवा हस."

कुलूच्या वरच्या अंगाला एक खिंड आहे, तिथे आम्ही गेलो होतो. जाताना वाटेतली मोठी नाळ अंधूक उजेडात मजेत पार केली. खिंड झाली. परतताना नाळेच्या अलीकडे मेंढपाळांनी रचलेला एक दगडी आडोसा होता, तिथे मुक्काम केला. नाळ ओलांडली की पलीकडून खाली गावाची वाट.

पण आमच्यातल्या नितीनला उंची लागली. उलट्या थांबेनात, चालताना झोकांड्या जायला लागल्या. अशा माणसाला खाली नेणं हाच उपाय. पहाटे त्याला तयार करण्यातच वेळ गेला. दादाने एकेकाला नाळ ओलांडायला लावलं, नितीनला स्वतः दोर बांधून नेलं. मी शेवटचा. माझी पाळी आली आणि माझ्या एका बुटाचा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दात, त्याचा पट्टा तुटला. सुतळीने बांधेपर्यंत वरच्या कड्याला ऊन लागलं होतं. मी मान वर केली आणि नाळ हलली.

आवाज फार मोठा नव्हता. ट्रकमधून ओली रेती ओततात तसा. माझ्या पुढ्यातून पांढरा लोंढा खाली गेला, आमच्या पावलांची वाट पुसून गेला आणि थांबला. नाळेत कुणीच नव्हतं, हे नशीब. पलीकडून दादाने ओरडून, खुणा करून सांगितलं, परत आडोशाला जा, उद्या उजाडताना मी इथे येऊन उभा राहतो. मी हात वर करून हो म्हटलं. मग ते सगळे नितीनला धरून उतरणीला लागले आणि खडकाआड दिसेनासे झाले.

एकटेपणाची मला सवय होती असं मी समजत होतो. रोह्याच्या खोलीत रविवारभर कुणाशी न बोलता राहिलोय मी. पण त्या दिवशी कळलं, की भिंतीपलीकडे कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी वाजत असते तोवर तो एकटेपणा नसतोच. इथे काहीच नव्हतं. एक कावळासुद्धा नाही. सगळा शिधा आणि स्टोव्ह माझ्या सॅकमध्ये होता, पण रॉकेल तळाला गेलेलं. बर्फ वितळवून भांडंभर पाणी केलं, कच्चीपक्की खिचडी खाल्ली आणि स्टोव्ह विझला. म्हणजे यापुढे पाणी नाही. तंबू दादाबरोबर गेलेला. उद्या पलीकडे गेलोच पाहिजे, नाहीतर मी इथून उठणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. अन् संध्याकाळी ढग उतरले.

सकाळी उजाडलं म्हणजे नुसतं काळ्याचं पांढरं झालं. धुकं एवढं की पसरलेल्या हाताची बोटं पुसट दिसत होती. आडोशापासून नाळेपर्यंत आदल्या दिवशीच्या खुणांवरून कसाबसा आलो. बर्फात बूट घोट्याच्या वर जात होता. म्हणजे रात्री गोठलाच नव्हता. दादाच्या सगळ्या नियमांप्रमाणे परत फिरायला हवं होतं. पण परत फिरून कुठे जायचं?

शिट्टीची वाट पाहिली. शिट्टी नाही. मी "दादाऽऽ" म्हणून ओरडलो. काही नाही. परत ओरडलो. धुक्यात आवाज तोंडाच्या पुढे जातच नव्हता. शेवटी माझ्या तोंडून आपोआप आमच्या खाडीकाठची हाळी निघाली. "हूऽऽऽ..."

आणि पलीकडून उत्तर आलं. एक लांब हाळी.

जिवात जीव आला! दादा आलाय, एवढंच डोक्यात. सॅकचा पट्टा सोडला आणि उतरलो नाळेत. समोर काही दिसत नाही, वर काही दिसत नाही. बुटाच्या पुढची हातभर जागा तेवढी आपली. थोडं चाललं की पुढून लांब हाळी यायची आणि मी तिच्या रोखाने वळायचो. किती वेळ गेला सांगता येत नाही. बहुतेक मध्यावर आलो असेन.

तेव्हा दोन तुटक हाळ्या आल्या. "हू. हू."

माझे पाय जागच्या जागी थिजले. भीतीने नव्हे, सवयीने. लहानपणी हाडात मुरलेली सवय. पाऊल उचललेलं होतं ते तसंच खाली टेकलं आणि मी उभा राहिलो. पुढच्याच क्षणी माझ्या समोरून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, तोच ओल्या रेतीचा आवाज सरसरत खाली गेला. वाऱ्याचा झोत तोंडावर आला. मग सगळं शांत. आणि थोड्या वेळाने परत एक लांब हाळी. ये.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा पेणच्या बाजारपेठेत वाढलेला. त्याला आमची हाळी येत नाही. त्याच्याकडे शिट्टी असते. आणि ही हाळी शेवटाला जराशी वर उचलत होती...

मी चालत राहिलो. दुसरं करणार काय? पायाखाली खडक लागला तेव्हा मी त्यावर अक्षरशः पालथा पडलो. मग उठून इकडे तिकडे पाहिलं. खडकावर कुणी नव्हतं. रात्री भुरभुरलेला बर्फ तसाच्या तसा होता, त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मी दादाला हाकसुद्धा मारली नाही. आईनेच लहानपणी शिकवलेलं एक वाक्य तेवढं आठवत होतं... दिसत नाय त्याला कदी ओ देऊ नये. तोंड गच्च मिटून मी खालच्या वाटेने जवळजवळ धावत सुटलो.

दादा बराच खाली भेटला. पहाटे तो वर यायला निघाला होता, पण वाटेतला उतार घसरल्यामुळे अडकून पडला होता. मला बघून त्याने मिठी मारली आणि मग एक सणसणीत शिवी घातली. "कोण बघत होतं म्हणून नाळेत उतरलास?" नितीन गावात पोचून चहा पीत होता. हाळीबद्दल मी कुणाजवळही चकार शब्द काढला नाही. लॅबवाला माणूस, सांगणार काय?

प्रवासाचे दिवस गेले. पनवेलहून एसटीने पेण, पेणहून टमटमने गाव. मे महिन्याची टळटळीत दुपार. टमटममधून उतरतोय तोच शेजारची बायजाकाकी धावत आली.

"आलास व्हय रं बाबा! आदी बांधावर जा. तुझी आय खुली झालीय."

खुळी झाली? काकी सांगत होती, "बरेच दिस झालं. सकाळची गेली बांधावर, नि हाल्या देत व्हती. साकव झाल्यापासून चिखलात कुत्रा पन उतरत नाय, नि ही कोनाला हाल्या देते? तवापासून हालत नाय. जेवन तिथंच नेऊन देतो. रातच्याला धरून घरी आनावी, त उजाडायच्या आत परत तिथंच."

मी सॅकसकट पळत सुटलो. आई बांधावर उभी होती. पदर कमरेला खोचलेला. उन्हाने चेहरा काळा ठिक्कर पडला होता, ओठ फुटले होते, पाय सुजले होते. खाडीकडे तोंड करून ती बघत होती.

"आई, मी आलो."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत खाडीकडे नजर लावली.

"आलास त दिसतंय मना. हाली कुठं दिलीस?"

"कसली हाळी?"

"पोचल्याची. मी ये म्हनली, तू आलास. थांब म्हनली, थांबलास. परत ये म्हनली. नि मंग काय जीभ गलून पडली तुझी? पोचल्याची हाली नाय दिलीस. मी घरी कशी जाव?"

दोन तुटक हाळ्यांचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गावात तेव्हा फोनसुद्धा नव्हता.

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. चिडून नव्हे, कामात असलेल्या माणसाने सोडवावा तसा. तेव्हा कळलं की हिला समजावून काही होणार नाही. मी सॅक तिच्या पायाशी ठेवली, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि चिखलात उतरलो. ओहोटी होती. साकव समोर दिसत होता, पण साकवावरून जाऊन चाललं नसतं. इतक्या वर्षांनी चिखलाची वाट आठवेना. मागून लांब हाळी आली आणि मग आठवायला लागली. पलीकडच्या काठावर चढलो, वळलो आणि छाती भरून हाळी दिली. "हूऽऽऽ..." देताना मला रडू फुटलं, म्हणून शेवटाला ती वर उचलली की नाही देव जाणे.

लांबून दिसलं, आईने कमरेचा पदर सोडला, त्याने तोंड पुसलं, आणि माझ्याकडे परत न बघता ती घराच्या वाटेला लागली. मी घरी पोचलो तेव्हा चूल पेटली होती आणि चिखलाचे पाय घेऊन ओटीवर आल्याबद्दल मला बोलणी बसली.

नंतर मी डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, उंची, उपाशी पोट आणि भीती यांनी कानांना काहीही ऐकू येतं. म्हातारीला मुलाची काळजी, म्हणून ती बांधावर गेली. योगायोग. असेल. पण त्याने माझी नळी काही लाल होत नाही आणि निळीही होत नाही.

आईला विचारलं तर ती उडवून लावायची. "बगनाऱ्याला दिसतं, त्यात काय इचारायचं?" फक्त एकदा, पावसाळ्यात आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो तेव्हा ती आपणहून म्हणाली, "बाला, त्या दिवशी आपल्या खाडीत तू चिखलातून येत व्हतास ना... तवा चिखल पांडरा कसा झालता रं?"

मी तिला बर्फाचा फोटो कधीच दाखवला नव्हता. त्या ट्रेकला आमच्याकडे कॅमेराच नव्हता.

पुढे काही वर्षांनी आई गेली. म्हातारपणाने, तिच्या घरात, मी उशाशी असताना. अस्थी ओहोटीच्या पाण्यात सोडल्या. माणसं अंघोळी करून आपापल्या घरी गेली. मी बांधावर उभा राहिलो. आता ती निघाली होती आणि बघणारा मी होतो. एक लांब हाळी दिली.

त्यानंतर कंपनीने मला बढतीवर गुजरातला पाठवायचं ठरवलं, मी नाही म्हटलं. रोह्याची खोली सोडून मी गावच्या घरात राहायला आलो. रोज रोह्याला जा-ये करताना दगदग व्हायची. लोक म्हणायचे, त्या रिकाम्या घरात काय ठेवलंय? आता रिटायर झालो तरी विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

खरं कारण त्यांना पटणार नाही, तुम्हाला पटलं तर बघा. या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. पण रोज उजाडताना मी बांधावर जातो आणि खाडीपलीकडे बघत उभा राहतो. तिच्या पोचल्याची हाळी अजून आलेली नाही.